द्राक्षबागेतील ओल ओळखणारे कृत्रिम पान : प्रकल्प नोंदी

१० जुलै २०२३

प्रकल्पाचा हेतू आजच लिहून ठेवत आहोत, म्हणजे पुढे चिप, फिल्म आणि सॉफ्टवेअर यांच्या गर्दीत तो नजरेआड होणार नाही. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर सर्वाधिक धास्ती असते ती डाउनीची, म्हणजेच केवडा या रोगाची. प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा त्याचा रोगकारक पानात शिरतो तो पानावर साचलेल्या पाण्याच्या आधाराने. त्याचे चल बीजाणू त्या पाण्यातून पोहत पर्णरंध्रांपर्यंत जातात, आणि पाणी त्याआधीच सुकले तर लागण होत नाही. म्हणून किती पाऊस झाला यापेक्षा पान सलग किती तास ओले राहिले हा आकडा बागायतदाराच्या अधिक कामाचा असतो.

पान ओले राहण्याचा काळ मोजणारे सेन्सर बाजारात आहेत आणि अनेक हवामान केंद्रांना ते जोडलेलेही असतात. ते ओल दाखवतात, पण ती कशामुळे आली हे सांगत नाहीत. बागेत मात्र फवारणीचा निर्णय नेमका याच प्रश्नावर अडतो. पाऊस झाला असेल तर पानावरचे स्पर्शजन्य बुरशीनाशक धुऊन गेलेले असते, शिवाय थेंबांच्या माऱ्याने बीजाणू एका पानावरून दुसऱ्यावर उडतात. दव पडले असेल तर फवारा बहुतांशी जागेवर असतो आणि बीजाणूही फारसे उडत नाहीत. दोन्ही सकाळी पान ओलेच दिसते. परंतु एका सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो आणि दुसऱ्या सकाळी कदाचित लागत नाही. हा फरक स्वतः ओळखून कळवणारे लहान, स्वस्त आणि काही हंगाम बॅटरीवर टिकणारे उपकरण तयार करणे हे आमचे काम आहे.

आराखडा असा आहे : ओल जाणवणारे एक कृत्रिम पान, थेंबाचा आघात जाणवणारी एक पिझोइलेक्ट्रिक (दाबाला विद्युतभाराने उत्तर देणारी) फिल्म, दोन्ही वाचणारे एक अतिशय कमी विजेवर चालणारे सर्किट आणि एक रेडिओ.

२४ जुलै २०२३

आज पानाच्या जाडीचा निर्णय झाला. निर्णय साधा वाटतो, पण उपकरणाची सारी विश्वासार्हता त्यावर उभी आहे.

निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की त्यावर दव जमते. आपले कृत्रिम पान खऱ्या पानाइतक्याच वेगाने थंड झाले नाही, तर ते दव उशिरा दाखवील आणि सकाळी उशिरा सुकेल. म्हणजे मोजलेला काळ दोन्ही टोकांना चुकेल. कृत्रिम पान पीसीबीचे, म्हणजे छापील सर्किटाच्या पाटीचे, करायचे आहे. नेहमीच्या पीसीबीची जाडी १.६ मिलिमीटर असते. त्यातील एफआर-४ या काचतंतू-इपॉक्सी पदार्थाची घनता आणि विशिष्ट उष्मा धरून हिशेब केला, तर त्या जाडीच्या एक चौरस मीटर पृष्ठभागाला एक अंशाने थंड होण्यासाठी सुमारे २,८०० ज्यूल उष्णता टाकावी लागते. द्राक्षाचे पान साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतके धरले, तर त्याचा आकडा सुमारे १,००० ज्यूल येतो. अशा रीतीने ०.६ मिलिमीटर जाडीचा पीसीबी पानाच्या अगदी जवळ जातो. ही जाडी पीसीबी बनवणारे सहज देतात, त्यासाठी वेगळे काही मागावे लागत नाही.

पॉलिइमाइडच्या लवचिक सर्किटाचाही विचार झाला. ते पानासारखे पातळ आणि हलके असते, आणि पाहणाऱ्याला तेच अधिक योग्य वाटते. परंतु पॉलिइमाइड हवेतील बाष्प स्वतःत शोषून घेते आणि ते प्रमाण एफआर-४ च्या कितीतरी पट असते. पृष्ठभाग कोरडा असतानाही केवळ दमट हवेने कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, जिच्यावरून आम्ही ओल ओळखतो) वाढू लागला, तर ओल आणि आर्द्रता यांची सरमिसळ होईल. म्हणून लवचिक सर्किट बाजूला ठेवले.

७ ऑगस्ट २०२३

पानाच्या पृष्ठभागावर एकमेकांत गुंतलेल्या दोन कंगव्यांसारखे तांब्याचे इलेक्ट्रोड आहेत, त्यांवर रोधक लेप आहे आणि त्या दोन कंगव्यांमधील कपॅसिटन्स आम्ही वाचतो. हवेचा सापेक्ष परावैद्युतांक (पदार्थामुळे कपॅसिटन्स किती पट वाढतो तो आकडा) १ असतो आणि पाण्याचा सुमारे ८०, त्यामुळे पृष्ठभागावर पाणी आले की कपॅसिटन्स वाढतो, असे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे, आणि बागेत त्याच अपुरेपणातून घोटाळे होतात.

पाणी केवळ परावैद्युत नसते, ते वीज वाहूनही नेते. कोणत्या वारंवारतेच्या खाली पाणी मुख्यतः वाहकासारखे वागते, हे त्याच्या वाहकतेला परावैद्युतांकाने भागून काढता येते. स्वच्छ पावसाचे पाणी सेंटिमीटरला २० मायक्रोसीमेन्स धरले, तर ही सीमा अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास येते. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) किंवा अन्य फवाऱ्यांचे क्षार विरघळलेले दव ५०० मायक्रोसीमेन्स धरले, तर तीच सीमा ११ मेगाहर्ट्झवर जाते. आम्ही निवडलेली एफडीसी १००४ ही चिप सुमारे २५ किलोहर्ट्झवर मोजते. म्हणजे दोन्ही प्रकारचे पाणी तिच्या दृष्टीने वाहकच आहे, आणि ती प्रत्यक्षात मोजते तो पाण्याखालच्या लेपाचा कपॅसिटन्स.

यातून दोन गोष्टी ठरल्या. पहिली ही, की लेपाची जाडी आणि तिचा एकसारखेपणा हाच आमच्या मोजमापाचा खरा आधार आहे. लेपात सुईच्या टोकाएवढे छिद्र राहिले तरी पाणी तांब्याला भिडते आणि वाचन निरर्थक होते. दुसरी ही, की पानावर किती पाणी आहे हे या आकड्यावरून सांगण्याचा मोह आम्ही टाळायचा. तेवढेच दव मळलेल्या पानावर आणि धुतलेल्या पानावर वेगळे आकडे देते. ओल सुरू कधी झाली आणि संपली कधी, एवढेच या पानाला विचारायचे. चिपची मोजण्याची कक्षा अधिक-उणे १५ पिकोफॅरड आहे आणि पूर्ण भिजलेले पान तिच्याबाहेर जाते, पण काळ मोजायचा असल्याने ते आम्हाला चालते. उलट सूक्ष्म बाजूला चिप अर्ध्या फेम्टोफॅरडपर्यंतचा फरक ओळखते, आणि दवाचे पहिले सुटे बिंदू पकडायला तीच क्षमता उपयोगी पडते.

लेपासाठी पॅरिलीनचा पर्याय पुढे आला होता. निर्वातात बाष्परूपाने बसणारा हा लेप छिद्ररहित असतो, परंतु नेहमीचे पॅरिलीन सी उन्हातील अतिनील किरणांपुढे टिकत नाही. सध्या पीसीबीच्या सोल्डर मास्कवर (तांबे झाकणाऱ्या मूळ थरावर) पॉलियुरेथेनचे दोन हात देत आहोत.

२१ ऑगस्ट २०२३

आता आघात ओळखणारी फिल्म. पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड, म्हणजे पीव्हीडीएफ, हे दिसायला पिशवीच्या प्लास्टिकसारखे असले, तरी ताणून आणि तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून घेतले की ते पिझोइलेक्ट्रिक होते. हा गुण जपानमधील हेइजी कावाई यांनी १९६९ साली दाखवून दिला. पिझोइलेक्ट्रिक परिणाम स्वतः क्युरी बंधूंनी १८८० मध्येच स्फटिकांत शोधला होता, पण वाकणारी, कात्रीने कापता येणारी आणि पाण्याला न घाबरणारी फिल्म हाती आल्यावर सेन्सर बनवणाऱ्यांसाठी चित्र पालटले. आमच्यासारख्या लहान गटाला ही फिल्म वापरता येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आमच्या तुकड्याची जाडी २८ मायक्रोमीटर आणि मापे २ बाय २ सेंटिमीटर आहेत. सापेक्ष परावैद्युतांक १२ धरला, तर त्याचा कपॅसिटन्स दीड नॅनोफॅरड येतो आणि मोजणीत तो तसाच मिळाला.

ऑगस्टमध्ये पाऊस नाही. देशभरच तो रुसलेला आहे, आणि शेतकऱ्याच्या चिंतेपुढे आमची अडचण नगण्य आहे. तरी चाचणीसाठी थेंब हवे होते. इंजेक्शनच्या बारीक सुईतून सुटणारा थेंब साधारण अडीच मिलिमीटर व्यासाचा असतो. तो आम्ही इमारतीच्या जिन्यामधील मोकळ्या जागेतून, वरच्या मजल्यावरून खाली ठेवलेल्या फिल्मवर सोडला. मोकळ्या आकाशात या आकाराचा थेंब सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास वेगाने पडतो. त्याचे वजन ८ मिलिग्रॅम आणि आघाताचा काळ मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा धरला, तर सरासरी बल ०.१८ न्यूटन निघते. सपाट, टणक पाठीवर चिकटवलेल्या फिल्ममध्ये न्यूटनला सुमारे ३० पिकोकुलंब विद्युतभार तयार होतो, म्हणजे दीड नॅनोफॅरडवर जेमतेम ३ ते ४ मिलिव्होल्ट. हे फारच थोडे आहे.

तीच फिल्म डफाच्या कातड्याप्रमाणे चौकटीवर ताणून बसवली, तर थेंब तिला दाबत नाही, वाकवतो. वाकताना फिल्म लांबीच्या दिशेने ताणली जाते आणि इतक्या पातळ फिल्ममध्ये तो ताण कितीतरी मोठा असतो. ऑसिलोस्कोपवर फरक ताबडतोब दिसला. स्पंद दहापटीहून अधिक उंच आले. यापुढे फिल्म ताणूनच बसवायची.

४ सप्टेंबर २०२३

पीव्हीडीएफचा दुसरा गुण आज अडचण बनून समोर आला. ही फिल्म दाबाप्रमाणे तापमानाच्या बदलालाही विद्युतभाराने उत्तर देते. दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ३० मायक्रोकुलंब हा तिचा पायरोइलेक्ट्रिक गुणांक धरला, तर आमच्या चार चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर एक अंशाच्या फरकाने १२ नॅनोकुलंब भार येतो. दीड नॅनोफॅरडवर तो ८ व्होल्ट होतो. थेंबाचे मिलिव्होल्ट एकीकडे आणि ढग बाजूला सरून ऊन पडल्याचे व्होल्ट दुसरीकडे, अशी ही विषम स्पर्धा आहे.

सुटका काळाच्या फरकात आहे. थेंबाचा आघात मिलिसेकंदाच्या आत संपतो आणि ऊन-सावलीचा बदल काही सेकंद घेतो. फिल्मला समांतर रेझिस्टर जोडला की संथ बदलाचा भार त्यातून वाहून जातो आणि जलद स्पंद मागे उरतो. प्रथम १० मेगाओहमचा रेझिस्टर लावला होता. सेकंदाला दशांश अंश इतक्या बदलाने त्यावर १२ मिलिव्होल्टचा सरक येतो, म्हणजे तो पुरेसा नाही. १ मेगाओहम घेतला की सरक १.२ मिलिव्होल्टवर येतो, कटऑफ (ज्या वारंवारतेच्या खालचे बदल गाळले जातात ती सीमा) सुमारे १०० हर्ट्झवर जातो, आणि थेंबाचा स्पंद बहुतांशी शाबूत राहतो, कारण त्याची ऊर्जा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते. वाऱ्याने खांब डोलतो ती हालचालही याच गाळणीत जाते.

या बदलाने सर्किट सोपे झाले. ताणलेल्या फिल्मचा स्पंद इतका ठळक आहे की वेगळ्या चार्ज अॅम्प्लिफायरची गरज उरली नाही. टीएलव्ही ३६९१ हा सुमारे ७५ नॅनोअँपिअरवर चालणारा कंपॅरेटर (व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या वर गेले की इशारा देणारी चिप) थेट फिल्मकडे पाहत बसतो आणि थेंब पडला की मायक्रोकंट्रोलरच्या पल्स मोजणाऱ्या पिनला जागवतो. बाकी सर्व काही झोपलेले असते. मात्र कंपॅरेटर फिल्मच्या लगतच हवा. लांब केबल हलली की तिच्या आतील थरांच्या घर्षणाने विद्युतभार तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळकीने उपकरण पाऊस मोजू लागते.

१५ सप्टेंबर २०२३

या नोंदीला जास्त जागा देत आहे, कारण आम्ही वाचलेल्या उपकरणपुस्तिकांमध्ये हा मुद्दा कोठे आला नव्हता आणि द्राक्षबागेसाठी सेन्सर बनवणाऱ्या कोणालाही तो उपयोगी पडेल.

पीव्हीडीएफ फिल्मवर विद्युतभार गोळा करणारा थर लागतो. सहज मिळणाऱ्या फिल्मवर तो चांदीच्या शाईचा असतो. शाई लवचिक असते, फिल्मबरोबर वाकते आणि तडकत नाही. द्राक्षबागेत भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधकाची फवारणी आणि धुरळणी होते. चांदी आणि गंधक एकत्र आले की काळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते, हे घरातील चांदीची भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धातूच्या लेपांतील छिद्रे शोधण्यासाठी दमट हवेतील गंधकाच्या बाष्पाची एएसटीएम बी ८०९ ही चाचणी रूढ आहे. तिच्याच धर्तीवर बंद बरणीत, पाण्याच्या भांड्याशेजारी गंधकाची पूड ठेवून, वर फिल्मचे तुकडे टांगून बरणी कोमट ठेवली.

बरणी उघडली तेव्हा चांदीच्या शाईचा उघडा तुकडा कडेपासून आत तपकिरी आणि जागोजाग काळा झालेला होता. वर पारदर्शक लेप असलेल्या तुकड्याचा मधला भाग स्वच्छ होता, पण जेथे कात्रीने कापले होते त्या कडेने काळी रेघ आत सरकू लागली होती. निकेल-तांब्याचा पातळ थर दिलेली फिल्म मंद झाली, तरी तिचा रोध मोजण्याइतका वाढलेला नव्हता. पीसीबीच्या दोन नमुन्यांतही असाच भेद दिसला : चांदीचा मुलामा दिलेल्या पॅडवर काळा थर बाहेर पसरत होता, तर निकेलवर सोन्याचा मुलामा असलेली पॅड तशीच चमकत होती.

यापुढे फिल्म निकेल-तांब्याच्या थराची, पीसीबी सोन्याच्या मुलाम्याची, आणि फिल्मची प्रत्येक कापलेली कड लेपाने बंद करायची. खर्च थोडा वाढेल. बागेतील हवा प्रयोगशाळेतील हवेसारखी नसते, आणि गंधक हा त्या हवेचा नेहमीचा घटक आहे हे धरूनच सर्व धातू निवडले पाहिजेत.

जोडणीबद्दलही येथेच लिहितो. पीव्हीडीएफ ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की आपला पिझोइलेक्ट्रिक गुण हळूहळू गमावते. सोल्डरिंगची इस्त्री ३०० अंशांच्या वर असते, म्हणून फिल्मला वायर सोल्डर करता येत नाही. आम्ही फिल्मची जीभ सोन्याच्या दोन पॅडमध्ये लहान स्क्रूंनी दाबून धरतो आणि त्यावर सामान्य तापमानाला सुकणारे वाहक इपॉक्सी लावतो. हे काम हातानेच करावे लागते आणि वेळ घेते.

२९ सप्टेंबर २०२३

रेडिओ लोराचा, म्हणजे थोड्या विजेत दूरवर लहान संदेश पाठवणाऱ्या तंत्राचा, आहे. भारतातील परवानामुक्त पट्ट्यात लोरावॅनच्या (लोरा उपकरणांच्या जाळ्यासाठीच्या मानकाच्या) मूळ तीन वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. या लहरींची लांबी साधारण ३४.६ सेंटिमीटर असल्याने पाव लहरीचा अँटेना ८.७ सेंटिमीटरचा होतो. ओली पाने या लहरी शोषतात, आणि आमचे उपकरण नेमके पाने ओली असतानाच बोलणार आहे, म्हणून अँटेना मांडवाच्या वर काढायचा.

विजेचा हिशेब : २५ बाइटांचा संदेश पाठवायला सर्वांत जलद स्प्रेडिंग फॅक्टर (हा आकडा वाढला की संदेश संथ होतो, पण दूर पोचतो) ७ वर सुमारे ६२ मिलिसेकंद लागतात, ९ वर २०६ आणि १२ वर जवळजवळ दीड सेकंद. प्रसारणाला ४० मिलिअँपिअर धरले आणि दर १५ मिनिटांनी एक संदेश पाठवला, तर ९ वर सरासरी ९ मायक्रोअँपिअर आणि १२ वर ६६ मायक्रोअँपिअर खर्च येतो. झोपेतील सर्व सर्किट मिळून ३ मायक्रोअँपिअर घेते. म्हणजे बॅटरी किती टिकेल हे सेन्सरवर नाही, संदेश झेलणारा गेटवे किती जवळ आणि किती उंच आहे यावर ठरते. बागेतील पाण्याच्या टाकीवर गेटवे बसवण्याची परवानगी मिळाली, हे म्हणून महत्त्वाचे.

बॅटरी लिथियम थायोनिल क्लोराइडची, एए आकाराची. ती वर्षानुवर्षे भार धरून ठेवते, पण दीर्घ विश्रांतीनंतर तिच्या लिथियमवर रोधक थर जमतो आणि पहिल्या मोठ्या मागणीला व्होल्टेज क्षणभर कोसळते. तेवढा क्षण सांभाळण्यासाठी समांतर मोठा कपॅसिटर दिला आहे.

१४ ऑक्टोबर २०२३

निफाड तालुक्यातील एका बागेत आज पहिली उपकरणे बसवली. छाटणी होऊन काही दिवस झाले आहेत आणि काड्या पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे नुकतेच फुटू लागलेल्या, आहेत. पाने नसताना कृत्रिम पान टांगायचे कोठे, हा प्रश्न बागायतदारांनीच सोडवला. आम्ही वाय (इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या) मांडवाच्या वरच्या तारेजवळ जागा मोजत होतो, तेव्हा ते म्हणाले, “सर, वर नका लावू. वरचं दव आठ वाजता उडून जातं. रोग येतो तो आतल्या पानावर, तिथं ऊन पोचत नाही.” आम्ही त्यांना विचारले, “दादा, मग नेमक्या कोणत्या उंचीवर?” त्यांनी जुन्या खोडाच्या फांदीपासून वीतभर वर, पूर्वेच्या ओळीच्या मागच्या अंगाला हात ठेवला. कृत्रिम पान तेथे ४५ अंशांच्या कलाने बसवले आहे. फिल्म मात्र मांडवाच्या वर, खांबाच्या टोकावर मोकळ्या आकाशाखाली आहे. दोन्ही एकाच डबीला जोडलेली आहेत, आणि कंपॅरेटर वर फिल्मच्याच चौकटीत आहे.

६ नोव्हेंबर २०२३

पाने आता पूर्ण आकाराला आली आहेत आणि पहाटे दव पडू लागले आहे. नोंदींचा आलेख पाहण्यासारखा आहे : मध्यरात्रीनंतर कपॅसिटन्स हळूहळू चढतो, पहाटे सर्वोच्च होतो, सूर्य वर आला की तासाभरात खाली येतो. फिल्म त्या वेळी शांत असते, कारण दव पडत नाही, जमते. त्याला आघात नसतो.

परंतु काही सकाळी फिल्मनेही तुरळक स्पंद नोंदवले. पाहणीत कारण समजले. फिल्मच्या वरून पक्ष्यांपासून संरक्षण देणारी जाळी गेली आहे, तिच्या दोऱ्यांवर दव साचते, थेंब मोठे होतात आणि सूर्योदयाच्या सुमारास खाली टपकतात. अर्ध्या मीटरवरून पडणाऱ्या थेंबाचा वेग सेकंदाला तीन मीटर असतो आणि तो आकाराने पावसाच्या थेंबापेक्षा मोठा असू शकतो. केवळ स्पंदाच्या उंचीवरून त्याला पावसापासून वेगळे काढता येत नाही.

उत्तर उंचीत नव्हते, क्रमात होते. पावसात आधी आघात होतो आणि मग मांडवातील पान भिजते. दवात आधी पान ओले होते आणि आघात झालाच तर काही तासांनी, ओल उतरू लागल्यावर होतो. फवारणीत आघात आणि ओल जवळजवळ एकाच मिनिटात येतात आणि फवारणीचा ब्लोअर पुढच्या ओळीत गेला की आघात थांबतात. तेव्हा ओल सुरू होण्याच्या आसपासच्या वेळेत झालेले आघातच ओलीच्या कारणासाठी विचारात घ्यायचे आणि नंतरचे वेगळे नोंदवायचे, असा नियम मायक्रोकंट्रोलरमध्ये टाकला. हा नियम दोन ओळींचा आहे. दोन वेगवेगळे पदार्थ एकाच घड्याळावर वाचल्यानेच तो शक्य झाला, आणि या प्रकल्पातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

२७ नोव्हेंबर २०२३

काल, रविवारी, निफाडसह जिल्ह्याच्या अनेक भागांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आज बागेत गेलो. पाने फाटलेली, कोवळे घड मार लागून काळपट पडू लागलेले, ओळींमध्ये पाण्याचे पाट. बागायतदार ओळीओळीने फिरून फुटलेल्या काड्या पाहत होते. अशा दिवशी यंत्राच्या चौकशीने त्यांचा वेळ घेऊ नये म्हणून आम्ही डब्या न उघडता बाहेरून पाहिल्या. त्यांनीच बोलावून विचारले, “किती वेळ ओलं राहिलं ते सांगा. आता जखमेतून रोग शिरणार.” उपकरणाने दिलेली ओलीची वेळ त्यांना सांगितली, आणि कारण म्हणून पाऊस नोंदवला आहे हेही.

तांत्रिक नोंद अशी. एक सेंटिमीटर व्यासाची गार अर्धा ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. तिचा वेग सेकंदाला १२ मीटर धरला, तर तिचा संवेग आमच्या चाचणीतील थेंबाच्या सुमारे ९० ते १०० पट होतो. ताणलेल्या फिल्मवर असा आघात कंपॅरेटरच्या सहनशक्तीपलीकडचे व्होल्टेज देऊ शकतो. प्रवेशावर लावलेले संरक्षक डायोड आणि मालिकेतील रेझिस्टर यांनी ते अडवले. सर्व फिल्म शाबूत आहेत. एका चौकटीचा कोपरा फुटला आहे आणि तेथील फिल्म सैल पडून तिचे स्पंद बुटके येत आहेत. डायोड किती वेळा वाहू लागला हे मोजले, तर गारा आणि पाऊस यांत भेद करता येईल. त्यासाठी डायोडच्या मार्गावर दुसरा, वरच्या पातळीचा कंपॅरेटर हवा. पुढच्या बोर्डावर त्याची जागा ठेवत आहोत.

१२ डिसेंबर २०२३

स्वतःची चिप करावी का, यावर आज चर्चा झाली. दोन कंपॅरेटर, पल्स मोजणारा काउंटर आणि कपॅसिटन्स वाचणारा भाग हे सारे एका लहान चिपमध्ये सहज मावेल. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीची १८० नॅनोमीटरची प्रक्रिया अशा संमिश्र सर्किटांना योग्य आहे, आणि २०२० पासून अमेरिकेतील स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचा आराखडासंच (चिप आखण्यासाठी लागणारी माहिती) खुला झाल्याने विद्यार्थ्यांनाही ट्रान्झिस्टरच्या पातळीवर प्रयोग करता येतात. गटातील तरुणांचा याकडे ओढा आहे आणि तो मला आवडतो.

तरीही या हंगामात ते करायचे नाही, असे माझे ठाम मत मांडले. बाजारातून घेतलेले दोन कंपॅरेटर मिळून दीडशे नॅनोअँपिअर घेतात, तर रेडिओची सरासरी काही मायक्रोअँपिअरच्या घरात आहे. चिप कितीही काटकसरी केली, तरी बॅटरीच्या आयुष्यात दिसण्याजोगा फरक पडणार नाही. पैसा आणि वेळ जेथे कमी पडत आहेत ती जागा वेगळी आहे : पानावरचा लेप, फिल्मची कड आणि चौकटीतील ताण. गेल्या महिन्यात जे बिघडले आणि जे टिकले, ते या तिन्ही ठिकाणी. काउंटर आणि दोन पातळ्यांचा कंपॅरेटर यांचे आराखडे विद्यार्थ्यांनी सिम्युलेशनमध्ये चालवून ठेवावेत. उपकरणांची संख्या वाढली की तो विषय पुन्हा घेऊ.

पुढच्या बांधणीसाठी आज मागणी नोंदवली : ०.६ मिलिमीटरचे, सोन्याचा मुलामा असलेले पीसीबी; निकेल-तांब्याच्या थराची २८ मायक्रोमीटरची फिल्म; आणि कोपरे पुन्हा फुटू नयेत म्हणून, अतिनील किरणे सहन करणाऱ्या एएसए प्लास्टिकच्या जाड चौकटी. विक्रीसाठी लागणाऱ्या रेडिओ उपकरणाच्या डब्ल्यूपीसी (केंद्र सरकारचा रेडिओ परवाना विभाग) मान्यतेचे कागद जानेवारीत सुरू करायचे आहेत. बागेतील सैल पडलेली फिल्म शनिवारी बदलायची आहे, आणि त्याच वेळी तिच्या वरची जाळी फूटभर बाजूला सरकवायला बागायतदारांनी होकार दिला आहे.